क्रूझने मुंबईत उतरून पुण्याला: ग्रीन गेटच्या पुढे काय?

वारजेकर:
गोव्याहून येणारी क्रूझ शनिवारी सकाळी मुंबईत लागतेय. उतरायची वेळ 8 ते 10 दिली आहे. आम्ही चौघं: मी, बायको, मुलगी आणि आई (वय 76, जिने चढणं अवघड). मोठ्या बॅगा चार. घर वारज्याला. कॅब, ट्रेन की शिवनेरी? आणि गूगल अटल सेतूवरून रस्ता दाखवतंय, टोल भरून त्यावरून जाण्यात अर्थ आहे का?

धक्क्यावरचा:
आधी तिकिटावर टर्मिनलचं नाव वाचा. मोठ्या क्रूझ बॅलार्ड पिअरला, म्हणजे इंदिरा डॉकच्या बाजूला लागतात. मांडव्याची रोरो (गाड्यांसकट नेणारी बोट) भाऊच्या धक्क्यावरून सुटते आणि मांडव्याच्याच छोट्या बोटी गेटवेवरून. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगितलं की तो भाऊच्या धक्क्याला नेऊन सोडू शकतो. न्यायला कोणी येणार असेल तर त्यांना 'बॅलार्ड इस्टेट, ग्रीन गेट' (बंदराचं गेट) एवढंच सांगा.

बंदराच्या गेटवर सीआयएसएफचा (केंद्रीय सुरक्षा दलाचा) पहारा असतो, त्यामुळे कॅब थेट जहाजाशी येईल असं धरू नका. ॲपवर पिकअपची खूण गेटबाहेर लावा, नाहीतर ड्रायव्हर एका गेटला आणि तुम्ही दुसऱ्या. आणि रिक्षा शोधू नका, दक्षिण मुंबईत रिक्षा चालतच नाहीत. काळी-पिवळी मिळते, पण सीएसएमटी जेमतेम दोन किलोमीटर असल्यामुळे जवळच्या भाड्याला बरेच जण नाही म्हणतात. दोघा-तिघांना विचारा, वर कॅरिअर असलेली घ्या, मीटर टाकायला सांगा.

समुद्रात मोबाइलला रेंज नसते. जहाजाचं स्वतःचं नेटवर्क पकडलं तर रोमिंगचा दणका बसतो, म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवा. पुढची तिकिटं निघण्याआधीच काढून फोनमध्ये उतरवून ठेवा. उतरल्यावर ओटीपीची वाट बघत शेकडो माणसं एकाच गेटवर उभी असतात.

रूळबदल:
ट्रेनचं गणित तुमच्या वेळेला जुळत नाही. सीएसएमटीहून पुण्याच्या रोजच्या गाड्या दोन गठ्ठ्यांत आहेत. सकाळी इंद्रायणी, इंटरसिटी, डेक्कन एक्सप्रेस 7 पर्यंत सुटून जातात. मग 8:10 ची उद्यान आणि 8:40 ची कोयना. 8 ला जहाजाचं दार उघडलं तरी डेकनुसार सोडतात, सामान ताब्यात घ्यायचं असतं, तेव्हा कोयना धरायच्या भानगडीत पडू नका. त्यानंतर थेट दुपारची कोणार्क, आणि मग संध्याकाळचा गठ्ठा: वंदे भारत (सोलापूरची), प्रगती, 17:10 ची डेक्कन क्वीन, सिंहगड. तिकीट काढताना वेळा एकदा ताडून घ्या, अधूनमधून पाच-दहा मिनिटं सरकतात.

दुपारपर्यंत मुंबईत थांबणार असाल तरच ट्रेन. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं आणि शनिवारची चेअर कार लवकर भरते. बॅलार्ड पिअरहून येताना सीएसएमटीच्या पुढच्या मुख्य दाराला वळसा घालू नका, पी. डी'मेलो रोडच्या बाजूने 18 नंबर प्लॅटफॉर्मकडूनही आत जाता येतं. लांब पल्ल्याच्या गाड्या 8 ते 18 नंबरवरूनच सुटतात. पुणे स्टेशनला उतरून मेट्रोने वनाज आणि तिथून रिक्षाने वारजे, हे एकट्यादुकट्याला ठीक. चार बॅगा आणि आई असताना नको.

घाटातला:
अटल सेतूबद्दल. ग्रीन गेटमधून पी. डी'मेलो रोडला आलात की ऑरेंज गेटजवळ ईस्टर्न फ्रीवे चढता येतो, आणि शिवडीला फ्रीवेवरूनच सेतूवर वळता येतं. (ऑरेंज गेटपाशी बोगद्याचं काम चालू आहे, तिथे जरा रखडायला होतं.) सेतू 21.8 किमी, पलीकडे चिर्ले. पुढे पळस्पे आणि शेडुंगजवळ मुंबई-पुणे एक्सप्रेसवे. सायन, मानखुर्द, वाशी सगळं टळतं. मात्र चिर्ले ते पळस्पे हा जेएनपीटी बंदराच्या कंटेनरचा रस्ता आहे, वाचवलेली वीस मिनिटं तिथे दोन ट्रेलर शेजारी-शेजारी आले की गेली.

टोल बघा. सेतूचे कारला एका वेळचे 250, एक्सप्रेसवेचे 320. वाशीमार्गे गेलात तर ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या नाक्यांवर कारला टोल नाही, म्हणजे फक्त 320. इलेक्ट्रिक कार असेल तर सेतू आणि एक्सप्रेसवे दोन्ही माफ. शनिवारी सकाळी शहरातून बाहेर पडायला मी सेतूच घेईन, पण खरी अडचण सेतूच्या पलीकडे आहे. शनिवारी सकाळी सगळी मुंबई लोणावळ्याला निघालेली असते. आडोशी बोगद्यापासून खंडाळ्यापर्यंत चढावर ट्रक तिन्ही लेन अडवतात, आणि तिथे सेतूवर वाचवलेला वेळ दुपटीने जातो. घाटात कारला 60 ची मर्यादा आहे आणि कॅमेरे आहेत. ड्रायव्हरला घाई करायला लावू नका, चलान गाडीच्या नंबरवर जातं.

वारजेकर:
म्हणजे कॅबच? सेडान पुरेल ना चौघांना?

घाटातला:
माणसं मावतील, बॅगा नाही. भाड्याच्या सेडान बहुतेक सीएनजीवर असतात आणि डिकीत सिलिंडर आडवा बसवलेला असतो. त्याच्यापुढे एक मोठी आणि एक छोटी बॅग, बस. अर्टिगाच्या आकाराची (तीन रांगांची) घ्या आणि मागची सीट पाडायला सांगा. ती सीट उभी ठेवली तर मागे हातभरसुद्धा जागा उरत नाही. बुकिंग करतानाच 'चार मोठ्या बॅगा' आणि 'वन वे' हे दोन्ही शब्द लिहून घ्या. पुण्याहून गाडी बोलावलीत तर दोन्ही बाजूंचं भाडं पडतं. तुमचा फायदा असा, की किवळ्याला एक्सप्रेसवे संपला की बायपासने सरळ वारजे, शहरात शिरावंच लागत नाही.

दादर-स्वारगेट:
शिवनेरीला विसरू नका. 75 पूर्ण झालेल्या ज्येष्ठांना एसटीत मोफत, महिलांना निम्मं तिकीट, आणि शिवनेरीलाही ते लागू आहे. आईंचं आधार हाताशी ठेवा. म्हणजे पूर्ण तिकीट एकट्या तुमचं. बॅगा डिकीत जातात. दादर पूर्वेच्या स्टँडवर फलक नीट वाचा, निगडीमार्गे आणि औंधमार्गे अशा वेगळ्या गाड्या असतात. तुम्हाला औंधमार्गे सोयीची, वाकडला उतरून बायपासने कॅब करा.

ग्रीन गेट ते दादर टॅक्सीच करा. सकाळी गर्दी सीएसएमटीकडे येणाऱ्या लोकलला असते, उलट दिशेला बऱ्यापैकी जागा मिळते हे खरं, पण दादरला पुलाचे जिने आहेत. आणि नव्या भुयारी मेट्रोने दादरला जायचा मोह झालाच तर ती पश्चिमेला उतरवते, शिवनेरी पूर्वेला. बॅगा घेऊन तो पूल ओलांडायचा म्हणजे आईंच्या गुडघ्यांवर अन्याय.

वारजेकर:
अर्टिगा, सेतूवरून. भाव जास्तच सांगितला तर टॅक्सीने दादर आणि औंधमार्गे शिवनेरी. नाष्टा जहाजावरच उरकतो.

घाटातला:
उरकाच. आणि आईंना घाटाच्या आधी खालापूरच्या फूड मॉलला थांबवा. वर घाटात एकदा अडकलात की मध्ये थांबायला जागा नाही.