'इंटिमेट पोर्ट्रेट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न

एका लेखाचा अनुवाद करते आहे आणि तीन दिवस एकाच वाक्यापाशी अडले आहे. फ्रेंच चित्रकार कामीय पिसारोने पॅरिसजवळच्या पाँत्वाझला राहत असताना, १८७२-७३च्या आसपास, आपल्या मुलीची काही चित्रं काढली. मूळ लेखात त्यांना 'इंटिमेट पोर्ट्रेट' म्हटलंय. 'खासगी' लिहिलं तर चित्रं कपाटात दडवून ठेवली होती असं वाटतं. 'जवळीक' हा शब्द आता प्रेमप्रकरणांच्या बातम्यांनी पळवलाय. 'घनिष्ठ' संबंध असतात, चित्र नसतं. 'आत्मीय' अगदीच हिंदी वाटतो. काय लिहू?

प्रतिसाद

'जिव्हाळ्याचं व्यक्तिचित्र'. एवढा विचार कशाला?

प्रतिसाद

विचार करायला हवा. 'जिव्हाळ्याचा' म्हटलं की पुढे 'प्रश्न' आपोआप येतो. कांद्याचा भाव, पाणीपट्टी, बसथांबा, सगळेच कुणाच्या ना कुणाच्या जिव्हाळ्याचे. शब्द पार गुळगुळीत झालाय. शिवाय 'व्यक्तिचित्र' वाचून निम्मे लोक समजतील की कुणीतरी कुणावर लेख लिहिलाय.

प्रतिसाद

गुळगुळीत झालाय, मान्य. पण मुळाशी जाऊन बघा. 'जिव्हाळा' आला 'जीव'वरून, आणि त्याचीच बहीण 'जिव्हाळी', म्हणजे नखाखालचा हुळहुळा भाग. परवा नातवाची नखं कापत होतो. करंगळीचं नख ते केवढं, तांदळाच्या कणीएवढं. तो हलला, नेलकटर जिव्हाळीला लागलं, आणि त्याच्याआधी मीच 'आई गं' केलं. विहिरीच्या तळाला जिथून पाणी फुटतं त्या झऱ्यालाही जुन्या मराठीत जिव्हाळा म्हणत. म्हणजे शब्दात गोडवा नंतर आला. आधी आहे ती जिवंत, दुखरी जागा.

आता ती चित्रं बघा. मुलीचं नाव झान, घरातलं नाव मिनेट. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात तिचं एक चित्र आहे. हातात पंखा, चेहऱ्यावर हसू नाही. बाप चित्र काढतोय म्हणून लाडिकपणा नाही, की पाहुण्यांसमोर बसवल्याचा आव नाही. ६ एप्रिल १८७४ला ती गेली, नवव्या वर्षात. आणि १५ एप्रिलला पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत, पिसारो आणि मित्रांचं, म्हणजे ज्यांना पुढे 'इम्प्रेशनिस्ट' म्हटलं गेलं त्या चित्रकारांचं, पहिलं प्रदर्शन उघडलं. त्यात पिसारोची पाच चित्रं होती, पाचही निसर्गचित्रं. मुलीचं एकही नाही. इथे 'जिव्हाळ्याचं' नाही लिहायचं तर कुठे लिहायचं?

मूळ प्रश्नकर्ती

जिव्हाळीचं डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या पिढीतल्या कितीजणांना तो शब्द ठाऊक असेल, शंका आहे. पण मग 'व्यक्तिचित्रा'चं काय? सात-आठ वर्षांच्या पोरीला 'व्यक्ती' म्हणताना अडखळायला होतं.

प्रतिसाद

उलट तिथे 'व्यक्ती'च शोभतो. पिसारो तिला बाहुलीसारखी रंगवत नाही. तुलनेला पिसारोचा चित्रकार मित्र रेन्वार याने १९०९मध्ये आपल्या धाकट्या मुलाला, क्लोदला, लाल विदूषकी वेशात उभं केलं ते चित्र घ्या. लोकरीचे लांब मोजे टोचतात म्हणून पोरगं अडून बसलं. शेवटी विजेवर चालणारी आगगाडी आणि तैलरंगांची पेटी कबूल करावी लागली. चित्र देखणं आहे, पण तिथे आधी वेश दिसतो, मग मुलगा. त्याला मी 'जिव्हाळ्याचं' म्हणणार नाही. (रेन्वारप्रेमींनी रागवावं, चालेल.)

प्रतिसाद

'व्यक्तिचित्र'ने घोटाळा होत असेल तर नुसतं 'चित्र' लिहा. 'लेकीचं चित्र' म्हटल्यावर ते तिच्या चेहऱ्याचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. आणि 'लेक' शब्दात निम्मं इंटिमेट आलंच की.

आणखी एक. मिनेट म्हणजे फ्रेंचमध्ये मांजरीचं लाडाचं नाव. आपली मनी! तळटीप देऊ नका, वाक्यातच घ्या.

मूळ प्रश्नकर्ती

'लेक' छानच. सध्या असं जुळवलंय: "दृक्प्रत्ययवादी पिसारोने आपल्या लेकीची, घरातल्या 'मनी'ची, जिव्हाळ्याने काढलेली चित्रं." 'जिव्हाळ्याची' ऐवजी 'जिव्हाळ्याने काढलेली' केल्यावर तो 'प्रश्न' डोकावत नाही.

प्रतिसाद

वाक्य बसलं. फक्त 'दृक्प्रत्ययवादी' पुढच्या वाक्यात ढकला. 'इम्प्रेशनिस्ट'ला हा विश्वकोशी शब्द बरोबर आहे, पण लेकीच्या आधी तो जिना चढायला लावतो. शिवाय ही चित्रं झाली तेव्हा ते लेबल जन्मलंच नव्हतं. त्याच प्रदर्शनातल्या मोनेच्या चित्राच्या नावातला 'इम्प्रेशन' उचलून समीक्षक लुई लरॉयने 'ल शारिवारी' या विनोदी पत्रात या मंडळींची टिंगल केली ती २५ एप्रिल १८७४ला. मिनेटला जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते. बाप इम्प्रेशनिस्ट आहे हे तिच्या कानावर कधी पडलंच नाही.

प्रतिसाद

नावांचं तेवढं सांभाळा. 'पिझारो' नको, पिसारोच. तो वेगळा, पेरूवर चालून गेलेला स्पॅनिश. आणि मुलीचं नाव 'झान'. चुकून 'झाँ' छापलं गेलं तर मुलगा होईल. मोने आणि रेन्वार, दोघांच्याही घरी एकेक झाँ आहेच.