गॅस गीझर की विजेचा? आंघोळीच्या पाण्याचा कार्बन

घंगाळ: विजेचा गीझर स्वच्छ आणि गॅसचा प्रदूषण करणारा, हा समज मला पटत नाही. वीस लिटरची बादली २२ अंशांवरून ४२ वर न्यायला ४०० किलोकॅलरी लागतात, म्हणजे जेमतेम अर्धा युनिट. आपल्या ग्रिडवर, म्हणजे देशभरच्या विजेच्या जाळ्यावर, युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरा. बादलीमागे झाले सुमारे ३५० ग्रॅम. तेच पाणी तापवायला गॅस गीझर ४५ ग्रॅमच्या आसपास एलपीजी खातो, त्यातून निघतात १३५ ग्रॅम. निम्म्याहून कमी! यात गीझरचा काही दोष नाही, तो जवळजवळ सगळी वीज पाण्यातच घालतो. नासाडी होते ती चंद्रपूर-कोराडीला, कोळशातली उष्णता विजेत बदलताना. म्हणून तूर्त मी गॅसच्या बाजूने.

फ्यूजवायर: गणित बरोबर, सल्ला धोकादायक. बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. दर थंडीत माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्या वाचत नाही का तुम्ही?

घंगाळ: वाचतो, म्हणूनच माझा ड्राय बाल्कनीत आहे. बाथरूममध्ये बसवायचाच नाही, याबद्दल दुमत नाही. पण हा मुद्दा जागेचा झाला, कार्बनचा नव्हे.

फ्यूजवायर: वन बीएचकेत ड्राय बाल्कनी असतेच असं नाही हो. ज्याच्याकडे नाही तो बाथरूममध्येच बसवणार.

उन्हाळी_वांगं: तुम्ही आजचा आकडा धरून दहा वर्षांची वस्तू घेताय. ग्रिडवर सौर आणि पवनऊर्जा वाढतेय, तसा विजेचा आकडा खाली येईल. एलपीजी जाळल्यावर मात्र किलोमागे तीन किलो निघणारच, आज काय आणि २०३५ मध्ये काय. वर आपला निम्म्याहून जास्त एलपीजी परदेशातून येतो. आणि हीट पंपाचं नावच नाही तुमच्या हिशोबात? तो बाहेरच्या हवेतली उष्णता पाण्यात ओढतो, म्हणून एका युनिटात तिपटीच्या आसपास उष्णता देतो. म्हणजे आजच्या ग्रिडवरही बादलीमागे सव्वाशे ग्रॅमच्या आत.

घंगाळ: हीट पंपाची किंमत बघितलीत? आणि ग्रिडवर सूर्य येतो दुपारी. अख्खा महाराष्ट्र आंघोळ करतो सकाळी सहा ते आठ, तेव्हा कोळसाच जळतो.

गच्चीवरची_टाकी: तुम्ही दोघं सोलर बंब विसरलात! पुण्यात त्यासाठी मालमत्ता करात सवलतही आहे. आमच्या सोसायटीत तो आहे, तरी निम्म्या घरांत गीझर चालू, कारण खालच्या मजल्यांवर गरम पाणी यायच्या आधी दोन बादल्या गार पाणी वाहून जातं. रिटर्न लाइन, म्हणजे नळीतलं गार पाणी टाकीकडे परत नेणारा पाइप, टाकून छोटा पंप लावला की हे थांबतं. पण मीटिंगमध्ये खर्चाचा विषय निघाला की सगळ्यांचे फोन वाजायला लागतात.

उन्हाळी_वांगं: आणि बोअरच्या पाण्याने नळ्यांत क्षार बसतात, ते कोण काढणार? आमच्याकडे सोलर आता नुसता शोभेला आहे.

सोडणं_झावळ्या: रत्नागिरीकडून नमस्कार. तांब्याचा बंब, इंधन परसातलं. विषय संपला.

फ्यूजवायर: तुमचा संपला, धूर शेजाऱ्यांकडे गेला.

गच्चीवरची_टाकी: घंगाळ, एक विचारू? वीस लिटर कशाला धरलेत? आमच्याकडे शॉवरखाली पोरं पंधरा मिनिटं उभी असतात. बादलीचा हिशोब त्यांना कसा लावायचा?