अमेरिकेत डिझाइन झालेली आजवरची सगळ्यात भारी गाडी कुठली?

डिअरबॉर्नकर
मंडळी, एक वाद घालायचाय. नोकरीमुळे मिशिगनमध्ये असतो, हेन्री फोर्ड म्युझियम घराजवळ आहे, त्यामुळे भारतातून कोणी पाहुणे आले की तिकडे चक्कर ठरलेलीच. आणि प्रत्येक वेळी परतताना गाडीत हाच विषय निघतो की यातली सगळ्यात भारी कुठली. तर इथल्या गाडीवेड्या लोकांना विचारतोय, अमेरिकेत डिझाइन झालेली एकच गाडी निवडायची झाली तर कुठली आणि का? डिझाइन म्हणजे नुसतं बाहेरचं रूप धरू नका, ड्रॉइंग बोर्डावर बसून कोणीतरी जे जे ठरवलं ते सगळं धरा. इंजिन, दारं, किंमत, दुरुस्ती सगळं.

माझं मत १९६१ च्या लिंकन कॉन्टिनेंटलला. १९५९ ची कॅडिलॅक आठवा, मागचे ते पंख, क्रोमचा नुसता मारा. त्यानंतर दोनच वर्षांत डिझायनर एल्वूड एंगलची ही लिंकन येते आणि अंगावर काहीच नाही! दोन्ही बाजू सरळ सपाट, वरच्या कडेला पुढून मागेपर्यंत एकच चकचकीत पट्टी. मुळात हे डिझाइन फोर्डच्याच थंडरबर्ड गाडीसाठी केलेलं, ते लिंकनला दिलं गेलं. मागची दारं उलटी उघडतात, चार दारांची कन्व्हर्टिबल होती, छत पूर्ण डिकीत गडप व्हायचं, वरून काही दिसायचं नाही. राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली तेव्हा ते ज्या गाडीत होते, म्युझियममधली ती गाडी हीच, लांब करून घेतलेली. तिथे लोक इतिहासामुळे थांबतात ते बरोबरच आहे, पण मी सांगतो, जरा बाजूला सरकून तिची नुसती रेषा बघा.

कार्ब्युरेटर
लिंकन सुंदर आहे, वादच नाही. पण तुम्हीच म्हणालात की किंमत आणि दुरुस्तीसुद्धा धरायची, मग फोर्डची मॉडेल टी सोडून दुसरं नाव येतंच कसं?

१९०८ साली अमेरिकेत गावाबाहेर पडलं की रस्ता नावाची चीजच नव्हती, पाऊस पडला की चिखल आणि उन्हाळ्यात त्याच चिखलाच्या वाळलेल्या चाकोऱ्या. तिथे शेतकऱ्याला परवडेल आणि त्याला स्वतःला खोलता येईल अशी गाडी करायची होती. गॅलाम्ब आणि विल्स या फोर्डच्या लोकांनी काय केलं बघा. पुढे एक आणि मागे एक असे आडवे पाटे (स्प्रिंगचे), त्यामुळे एक चाक खड्ड्यात आणि एक उंचवट्यावर असलं तरी गाडी पीळ खात निघून जायची, आणि इंजिन तीन बिंदूंवर टेकवलेलं म्हणून त्या पिळाने ब्लॉक तडकायचा नाही. चारही सिलिंडर एकाच ब्लॉकमध्ये ओतलेले, वरचं हेड वेगळं निघणारं. हे आज प्रत्येक मेकॅनिकला साधं वाटतं पण तेव्हा तसं नव्हतं. व्हॅनेडियम स्टील वापरलं म्हणून हलकी असून दणकट. ताकद फक्त २० हॉर्सपॉवर, आणि ती पुरली.

चालवायची पद्धत मात्र आजच्या माणसाला चक्रावून टाकेल. पायाशी तीन पेडल, डावं दाबलं की लो गिअर, सोडलं की हाय, मधलं रिव्हर्स, उजवं ब्रेक, आणि ॲक्सिलरेटर पायात नाहीच, स्टिअरिंगखाली हाताने ओढायची दांडी! पेट्रोलची टाकी सीटखाली आणि पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने वाहत कार्ब्युरेटरला जायचं, चढावर इंजिन टाकीपेक्षा वर गेलं की ते पोचायचं नाही, म्हणून टाकीत पेट्रोल कमी असेल तर लोक चढ उलटा, रिव्हर्समध्ये चढायचे.

आणि किंमत. सुरुवातीला ८५० डॉलर, १९२५ पर्यंत सगळ्यात स्वस्त मॉडेल २६० वर आलं. १९१३ मध्ये हायलँड पार्कला सरकती असेंब्ली लाइन आली आणि जी चासी (गाडीचा सांगाडा) जोडायला साडेबारा तास लागायचे ती दीड तासाच्या आसपास तयार व्हायला लागली. १९२७ ला बंद होईपर्यंत दीड कोटी गाड्या. लोक म्हणतात हे डिझाइन नाही, हे उत्पादन. मला हे अजिबात पटत नाही, कारण इतक्या झटपट जोडता येईल अशी गाडी आधी कोणीतरी कागदावर काढावी लागते.

मंजिरी_रेखाटन
कार्ब्युरेटर, तुमचं सगळं मान्य, पण मी प्रॉडक्ट डिझाइनमध्ये काम करते आणि माझं उत्तर एकच, कॉर्ड ८१०. इथे किती जणांना माहितीये ठाऊक नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते.

इंडियानातल्या ऑबर्न गावची कंपनी, डिझायनर गॉर्डन ब्युरिग. नोव्हेंबर १९३५ ला न्यूयॉर्कच्या ऑटो शोमध्ये दाखवली. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना पुढे उभी जाळी, दोन्ही बाजूंना डोळे वटारलेले हेडलाइट आणि दाराखाली पाय ठेवायला लांब फळी. कॉर्डला यातलं काहीच नाही. नाकाभोवती आडव्या पट्ट्या, जाळी म्हणून वेगळी चीजच नाही. हेडलाइट मडगार्डच्या आत लपलेले, ते उघडायला डॅशबोर्डवर दोन टोकांना दोन छोटे हँडल, हाताने गरागरा फिरवायचे, एक डाव्या दिव्याचं एक उजव्याचं. दारांच्या बिजागऱ्या आत, पेट्रोलचं झाकणसुद्धा झाकलेलं.

आणि हे नुसतं सजवणं नव्हतं हो. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी, त्यामुळे मागच्या चाकांपर्यंत ताकद नेणारा शाफ्ट नाही, म्हणून फरशी खाली घेता आली, फरशी खाली आली म्हणून चढायला फळी लागली नाही, आणि फळी गेली म्हणून ती अख्खी बाजू एकसंध झाली. आतल्या यंत्राने बाहेरचं रूप ठरवलं! मी ज्युनियर लोकांना शिकवताना हेच उदाहरण देते.

कमतरता होत्या, इंजिन तापायचं, गिअर सुटायचा, शोमधल्या गाड्यांना तर गिअरबॉक्सच बसवलेले नव्हते इतकी घाई झालेली. १९३७ मध्ये कारभार आटोपला, सगळ्या मिळून तीन हजारांच्या आसपासच बनल्या. त्याच उद्योगसमूहातली ड्यूसेनबर्ग मात्र आपल्या लोकांनी ऐकलेली असेल, इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी तिचं एस-जे मॉडेल मागवून लंडनच्या गर्नी नटिंग या बॉडी बनवणाऱ्यांकडून केशरी-काळी बॉडी चढवून घेतली होती. ती गाडी फार देखणी आहे पण ती बॉडी इंग्लंडची, म्हणून तिला इथे मत देता येत नाही.

साताऱ्याचा_फिटर
सगळ्यांनी छान लिहिलंय, वाचायला मजा आली. पण जीपचं नाव अजून कोणी घेतलं नाही याचं आश्चर्य वाटतंय. आमच्याकडं वडापच्या (प्रवासी वाहतुकीच्या) धंद्यात महिंद्राच्या ज्या कमांडर चालायच्या त्या याच घराण्यातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर महिंद्रानं मुंबईत माझगावला विलीज कंपनीच्या जीप जोडायला सुरुवात केली, मग सीजे-३बी हे मॉडेल आलं, तिचं बोनेट उंच का तर आतलं हरिकेन इंजिन उंच म्हणून. वडलांच्या गॅरेजात माझा हात बसला तो याच गाड्यांवर.

१९४० च्या जुलैत अमेरिकन लष्करानं अशा हलक्या गाडीसाठी १३५ कंपन्यांना विचारलं, नमुना करून द्यायला ४९ दिवस. पेनसिल्व्हेनियातली बॅंटम नावाची जवळपास बुडीत निघालेली कंपनी तयार झाली, इंजिनिअर कार्ल प्रोब्स्टनं दोन दिवसांत ड्रॉइंग काढली आणि २३ सप्टेंबरला गाडी हजर! पुढं इंजिन विलीजचं घेतलं, ६० हॉर्सपॉवरचं गो-डेव्हिल, आणि समोरची पत्र्याची खाचांची जाळी फोर्डची.

एक गोष्ट सांगतो जी फोटोत कळत नाही. युद्धातल्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर होते. बोनेट उघडायचं, वरचा चिमटीनं फिरवायचा नट सैल करायचा आणि दिवा मागं उलटा वळवायचा, उजेड थेट इंजिनावर. रात्री रानात गाडी बंद पडली तर टॉर्च धरायला दुसरा माणूस लागत नाही. अंधारात एका हातात टॉर्च आणि एका हातात पाना धरून ज्यानं डिस्ट्रिब्युटर खोललाय त्याला विचारा याची किंमत. हा विचार ज्याच्या डोक्यात आला तो माझ्या लेखी सगळ्यात मोठा डिझायनर.

डिअरबॉर्नकर
फिटरदादा, हेडलाइटचं माहीत नव्हतं, पुढच्या वेळी नीट वाकून बघणार. पण एक शंका. जीपचं बरंचसं लष्करानेच ठरवून दिलेलं ना, वजन, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर), चारही चाकांना ताकद? मग डिझाइनरने ठरवलं असं किती उरतं? आणि ती सुंदर दिसावी असं कोणाच्याही मनात नव्हतं.

साताऱ्याचा_फिटर
दादा, लष्करानं पहिलं वजन मागितलं १३०० पौंड. तेवढ्यात तसली गाडी होणंच शक्य नव्हतं, नंतर मर्यादा २१६० पर्यंत वाढवली, आणि विलीजची गाडी त्यातसुद्धा बसेना. मग विलीजचा इंजिनिअर बार्नी रूसनं बोल्ट आखूड केले, पत्रा पातळ केला, जिथं जिथं निघेल तिथं काढलं, पण इंजिन छोटं केलं नाही. लष्करानं आकडे दिले, काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते या माणसांनीच ठरवलं. बोनेट सपाट आहे त्यावर नकाशा पसरता येतो, जेवता येतं. दारं नाहीत कारण उडी मारून उतरायचंय. सुंदर करायचं कोणाच्या मनात नव्हतं हे खरंय, पण झाली ना!

मंजिरी_रेखाटन
याला एक जोड देते. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने कलावस्तू म्हणून आठच गाड्या मांडल्या होत्या. त्यात अमेरिकन तीन. एक जुनी लिंकन कॉन्टिनेंटल, एक कॉर्ड आणि एक जीप. म्हणजे फिटरदादा, तुमची आणि माझी गाडी एकाच दालनात होती. माझं मत तरी कॉर्डलाच, कारण जीपला लढाईने जन्म दिला आणि कॉर्ड मागितली नव्हती कोणीच, ती एका माणसाला दिसली म्हणून झाली.

कार्ब्युरेटर
आणि मॉडेल टी त्या आठांत नव्हती, हे मला खटकतंच. जीप चिखलातून जायची कारण चारही चाकं ओढायची. टी फक्त मागच्या दोन चाकांवर आणि २० हॉर्सपॉवरवर त्याच चिखलातून जायची, तेही बत्तीस वर्षं आधी, आणि एका साध्या शेतकऱ्याच्या पैशात. माझं मत बदलत नाही. फोर्ड मस्टँगवाले अजून कसे आले नाहीत इथे?