ग्लॉक १९ पिस्तूल घेतलं, पण गोळ्या खाली-डावीकडे का चालल्यात?

ह्यूस्टनकर:
मंडळी, ग्रीन कार्ड आल्यापासून डोक्यात होतं, शेवटी मागच्या शनिवारी ग्लॉक १९ घेतलं, ९ एमएमचं, जेन ५ म्हणजे पाचवी पिढी. बंदूक खरेदीचा सरकारी फॉर्म ४४७३ भरला, पार्श्वभूमीची तपासणी झाली, अर्ध्या तासात हातात. दिसायला काही नाही, काळा ठोकळा, बायको म्हणाली ड्रिल मशीन आणलंस का. पण हातात धरलं की कळतं, जेन ४ ला पुढे बोटांच्या खाचा होत्या त्या माझ्या बोटांना कधी बसल्याच नाहीत, यात त्या काढल्यात आणि पकड मस्त बसते. मॅगझिन १५ गोळ्यांचं, शेवटच्या दोन भरताना अंगठ्याची वाट लागते, बॉक्समधला लोडर वापरा, लाजू नका.

शूटिंग रेंजवर १०० गोळ्या मारल्या, एकदाही अडकलं नाही. प्रॉब्लेम असा की ७ यार्डांवर ग्रुप चांगला येतोय, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागतायत, पण सगळा खाली-डावीकडे. मी उजवा आहे. साइट (नेम धरायच्या खुणा) प्लॅस्टिकच्या आहेत, बदलू का?

पक्या_ऑस्टिन:
साइटला हात लावू नकोस रे!! उजव्या माणसाचं खाली-डावीकडे म्हणजे बहुतेक वेळा धक्क्याच्या भीतीने गोळी सुटायच्या आधीच मनगट दाबलं जातं आणि चाप ओढताना बाकीची बोटं पण आवळली जातात. मित्राला सांग मॅगझिनमध्ये मधेच एक डमी, म्हणजे न उडणारी गोळी भरायला, तुला न दाखवता. ती आली की पिस्तूल खाली जाताना तुझं तुलाच दिसेल. मला जाम लाज वाटलेली. मग घरी रोज १० मिनिटं ड्राय फायर, म्हणजे रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढायचा सराव, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवून.

आणि स्लाइडच्या (वरचा मागे-पुढे सरकणारा भाग) आत तांब्याच्या रंगाचं ग्रीस असेल ते घाण समजून पुसू नको, मुद्दाम लावलेलं असतं.

मीनल_डॅलस:
साफ करायला खोलताना यात चाप ओढावाच लागतो, म्हणून आधी मॅगझिन काढ, स्लाइड मागे घे, चेंबर (गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघ, बोट घालून पण बघ. वेगळी बटणाची सेफ्टी नाहीये यात. घरात पोरं असतील तर कपाटावर ठेवलंय वगैरे चालणार नाही, आमचं ६ वर्षांचं ध्यान फ्रिजवर चढतं. लॉकबॉक्स घेतलास का ते लिहिलं नाहीस.

सांगलीवाला:
वाचून जीव जळला राव. इकडे भारतात ९ एमएम साध्या माणसाला मिळतच नाही, प्रतिबंधित बोअर, म्हणजे त्या मापाच्या नळीला बंदी. काकांकडे .३२ बोअरचं पिस्तूल आहे, लायसन्सपायी किती चपला झिजवल्या विचारू नका. त्यात शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर तीनच्या जागी दोनच हत्यारं ठेवता येतात, आजोबांची बंदूक गेली. आणि निवडणूक लागली की पिस्तूल ठाण्यात जमा. काका म्हणतात, पिस्तूल माझ्यापेक्षा ठाण्यातच जास्त राहतं.

ह्यूस्टनकर:
पक्या, आज केलं. तिसरीच डमी निघाली आणि पिस्तुलाने अशी मान टाकली की शेजारच्या लेनमधले आजोबा हसायला लागले. साइट कॅन्सल. मीनलताई, त्याच पैशात लॉकबॉक्स मागवला, गुरुवारी येतोय, तोवर डब्यातली केबल लॉक लावून ठेवलंय.