जुनं डोमेन इतक्यात सोडू नका
नव्या डोमेनवर (म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावर) मेल सुरू झाली की जुन्याचे पैसे भरणं थांबवू का, असं तुम्ही विचारलंय. अजिबात नको! मुदत संपून सुटलेलं डोमेन कोणीही घेऊ शकतो. मग जुन्या पत्त्यावर येणारी बिलं, चौकश्या, पासवर्ड बदलायच्या लिंका सगळं त्याच्या हाती. जीएसटी, बँक, खुद्द रजिस्ट्रारचं (डोमेन विकणाऱ्या कंपनीचं) खातं, सगळीकडचे पत्ते आठवून आठवून बदलावे लागतात, आणि एखादा राहतोच. आमच्याकडे एका वार्षिक वर्गणीची सूचना तब्बल दहा महिन्यांनी जुन्याच पत्त्यावर येऊन पडली होती. निदान दोन-तीन वर्षं तरी भरत राहा.

गूगल वर्कस्पेस (गूगलची ऑफिसांसाठीची मेल वगैरे सेवा) असेल तर नवी खाती काढत बसू नका. नवं डोमेन त्याच खात्यात जोडून प्रत्येकाचा पत्ता बदला. जुना पत्ता आपोआप एलियास, म्हणजे त्याच खात्याचा जोडपत्ता, म्हणून राहतो, जुन्या मेलही जागच्या जागी. नव्या डोमेनला एसपीएफ आणि डीकिम (मेल खरंच तुमच्याकडूनच आलीय हे पटवणाऱ्या डोमेनच्या नोंदी) मात्र लावा, नाहीतर कोटेशनं स्पॅममध्ये जायची. एसपीएफची नोंद एकच हवी, दोन झाल्या की तपासणीच फसते.

आणि हो, जुन्या डोमेनच्या एमएक्स नोंदींवर (मेल कुठे पोचवायची ते सांगणाऱ्या) लक्ष ठेवा. होस्टिंग हलवताना वेबसाइटवाले त्या हमखास उडवतात.