मदत हवी आहे: मुलाच्या बोटावरच्या चामखिळी काढाव्यात की वाट पाहावी?

नमस्कार मंडळी, आम्ही परभणीजवळच्या खेड्यात राहतो. माझ्या चौथीतल्या मुलाच्या बोटांवर चामखिळी आल्यात. खरखरीत, त्यात बारीक काळे ठिपके. एक तर नखाच्या अगदी कडेला आहे. पेन धरला की दुखते आणि पोरगं ती सारखं दातानं कुरतडतं. मूळ विषाणूचं, त्यामुळं कुरतडण्यानंच त्या पसरत असणार.

सासूबाई बिब्बा लावा म्हणतात, शेजारचे चुना-सोडा. मला दोन्ही नको. बिब्ब्यानं कातडी भाजून फोड आलेले मी डोळ्यानं पाहिलेत. लेकरांच्या चामखिळी बऱ्याचदा वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातात हे ठाऊक आहे, पण ही दुखते, म्हणून नुसतं थांबायला जीव धजत नाही.

मेडिकलवर सॅलिसिलिक ॲसिडचं औषध मिळतं. बोट कोमट पाण्यात भिजवून, मेलेली कातडी हलकेच घासून रोज लावायचं, तेही दोन-तीन महिने. नखाजवळ चालतं का? डॉक्टरकडं अतिथंड द्रव नायट्रोजननं चामखीळ गोठवून घेतली तर एवढं लेकरू सोसेल का? सासऱ्यांच्या हातावरही एक आहे, त्यांना शुगर आहे. म्हणून त्यांना डॉक्टरला दाखवल्याशिवाय काहीच लावू देत नाही. परभणी-नांदेडकडं कातडीचे चांगले डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा.