वापरलेली पायताणं परत घ्यायची का? विक्रेत्याची बाजू

पायताणवाला (धागाकर्ता)

आमच्या घरात दोन पिढ्या कोल्हापुरी बनते. पाच वर्षं झाली, मी ती ऑनलाइन बाजारात विकतो. गेल्या महिन्यात कापशीचा (कोल्हापुरीचाच एक प्रकार) एक जोड गेला, आठ नंबर, ११५० रुपये. सहाव्या दिवशी ‘माल सदोष’ म्हणून परत आला. खोका उघडला तर तळाला चिखल वाळलेला, अंगठ्यापाशी घामाचा काळा डाग आणि वेणीत अडकलेले अक्षतांचे दोन दाणे. म्हणजे लग्न जेवून आलेला जोड!

हिशेब सांगतो. जाताना कुरिअर ७५, येताना १२०, खोका नि पुठ्ठा २५. जोड बनवायला पडतात ७००. तो आता कुणाला विकणार? गेले ९२०. एका जोडामागं मला सुटतात दीडेकशे रुपये. सहा जोड विकले की या एकाचा खड्डा भरतो. मी बाजारवाल्यांकडे दावा लावला, फोटो दिले. ‘पुरावा अपुरा’ असं दोन ओळींचं उत्तर आलं. त्याआधीच गिऱ्हाइकाला पैसे मिळालेले.

माझं म्हणणं एवढंच: माल विक्रेत्याच्या हातात येऊन तपासून होईपर्यंत पैसे परत देऊ नयेत. आणि असा प्रत्येक परतावा लढवायचा, सोडायचा नाही. तुमचं काय मत?

चोखंदळ गिऱ्हाईक

साफ असहमत. तपासणार कोण, तर विक्रेता. म्हणजे आरोपीच न्यायाधीश. मी एकदा ‘अस्सल चामडं’ वाचून बॅग घेतली, आलं रेक्झिन. परत पाठवली तर विक्रेत्याने ‘वस्तू वापरलेली आहे’ म्हणून नाकारली. महिनाभर माझे २३०० रुपये अडकले. तुमच्याकडे पन्नास गिऱ्हाइकं आहेत, माझ्याकडे ती एकच बॅग होती.

शिवाय कायदा वाचा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० प्रमाणे माल सदोष असेल, बनावट असेल, जाहिरातीत सांगितला तसा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देता येत नाही. तक्रार आली की ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण. विक्रेता दाद देत नसेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो.

पायताणवाला

दादा, नियम मीही वाचलाय. त्यात ‘आवडलं नाही’ किंवा ‘लग्न झालं, आता नको’ कुठाय? ती सवलत बाजारवाल्यांनी गिऱ्हाईक ओढायला स्वतःहून दिलेली. द्यायला हरकत नाही, पण पाहुणचार त्यांचा आणि वाढपी मी, हे कसं? तुमच्या रेक्झिनवाल्याला माझ्यातर्फे चार शिव्या. त्याच्यामुळंच आमच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

रोजकीर्द

मी अशा सात-आठ विक्रेत्यांची हिशेबवही लिहिते. धागाकर्त्यांचं दुःख खरं आहे, पण ‘सोडायचा नाही’ हा उपाय चुकीचा. एका दाव्यात फोटो, मेल, फोन मिळून अर्धा दिवस जातो. तेवढ्यात तुम्ही किती जोड शिवता? शंभरातले किती परत येतात ते सहा महिने लिहून काढा आणि तो खर्च किमतीत धरा. भाजीवाली सडकी मेथी धरूनच जुडीचा भाव लावते.

आणि रागाच्या भरात एक गोष्ट सगळे विसरतात. माल परत आला की क्रेडिट नोट, म्हणजे विक्री रद्द झाल्याची चिठ्ठी, काढायची असते. ती काढली नाही तर न झालेल्या विक्रीचा जीएसटी तुम्ही खिशातून भरता. आर्थिक वर्ष संपल्यावर येणाऱ्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरण भरलंत तर तोपर्यंत, ती दाखवता येते. बाजारवाले तुमच्या पैशांतून जो अर्धा टक्का टीसीएस (आगाऊ कर) कापतात, तोही परतावे वजा करून उरलेल्या विक्रीवरच असतो, तो जुळवून बघा. माझ्या एका अशिलाचे गेल्या वर्षी गिऱ्हाइकांनी बुडवले त्याहून जास्त असेच गेले.

पायताणवाला

ताई, क्रेडिट नोटेचं मान्य, आजच बघतो. मेथीचं नाही पटलं. मेथी आपोआप सडते, हिला कुणीतरी नाचवून आणलंय. आणि भाव वाढवला की शेजारचा मशीनमेड साडेचारशेला विकणारा पुढं जातो.

नेकारकाठ

जर्मनीत राहतो म्हणून थोडं इकडचं. युरोपीय संघात ऑनलाइन खरेदी कारण न देता १४ दिवसांत परत करता येते, तो कायदेशीर हक्कच आहे. पण त्याच कायद्यात दोन गोष्टी आहेत ज्या आपल्याकडे कुणी सांगत नाही. एक, विक्रेत्याने आधी तसं सांगितलं असेल तर परत पाठवण्याचा खर्च गिऱ्हाइकाचा. दोन, वस्तू कशी आहे हे बघण्यापुरती हाताळायची, त्यापलीकडे वापरून किंमत उतरली तर ती भरपाई गिऱ्हाइकाकडून. दुकानात गालिच्यावर दोन पावलं टाकता तेवढंच घरी टाका. आणि हो, माल हाती येईपर्यंत किंवा पाठवल्याचा पुरावा मिळेपर्यंत विक्रेता पैसे रोखू शकतो. म्हणजे धागाकर्त्यांची मागणी अगदीच जगावेगळी नाही.

चोखंदळ गिऱ्हाईक

तिकडे विक्रेता खोटं बोलला तर त्याला धाक आहे. इकडे धाक फक्त रेटिंगचा. तो काढलात तर उरलं काय?

नेकारकाठ

रेटिंगचं म्हणाल तर ईबेवर पूर्वी विक्रेताही गिऱ्हाइकाला वाईट शेरा देऊ शकत असे. २००८ मध्ये ते बंद केलं, कारण विक्रेते सूड म्हणून शेरे देत आणि गिऱ्हाइकं खरं लिहायला घाबरत. दोन्ही बाजूंना धाक ठेवून बघितलाय, टिकला नाही.

दोन चाकं

मी परतीच्या मालाचं पिकअप करतो, म्हणून बोलतो. एका दारात आम्हाला दोन-तीन मिनिटं. अ‍ॅप विचारतं, रंग बरोबर? टॅग आहे? तळवा बघा असं कुठे येत नाही. मी एकदा बूट घ्यायला नकार दिला तर त्या गिऱ्हाईक साहेबांनी तिथूनच फोन लावून माझीच तक्रार केली. तेव्हापासून जे देतात ते घेतो. भांडण तुमचं दोघांचं, उन्हात मी.

रोजकीर्द

हे कुणी लक्षातच घेत नाही. पायताणवाले, मग तुम्हीच तसा टॅग लावा ना. अंगठा आणि पट्टा यांच्यामधून ओवलेला, तोडल्याशिवाय पाय आत जाणार नाही असा. पिकअपवाल्याला बघायला काहीतरी मिळेल.

पायताणवाला

पण मग घालून कसं बघणार? कोल्हापुरी घातल्याशिवाय कळत नाही. हां, टॅग लांब दोरीचा ठेवला तर पाय जाईल, चालता येणार नाही. करून बघतो.

एक कबूल करतो. वर मी दावा हरल्याचं सांगितलं, जिंकलेला सांगितला नाही. एकदा माझ्या जोडाच्या खोक्यात कुणाचे तरी प्लॅस्टिकचे स्लीपर आले होते. तिथं फोटो कामाला आला नाही, कुरिअरच्या वजनाची नोंद आली. जाताना ७२० ग्रॅम, येताना ४१०. ते त्यांच्याच यंत्राचं वजन, त्यामुळं बोलायला जागाच नव्हती. तेव्हापासून मी आतल्या तळाला नंबराचा शिक्काही मारतो.

आणि परत येणाऱ्यांत चोर थोडेच, हेही खरं. बहुतेक ‘चावते’ म्हणून येतात. नवी कोल्हापुरी चावणारच. चार दिवस तेल पाजावं, घरात घालावी, मग पायाची होते. हे मी पानावर कुठं लिहिलंच नव्हतं. फोटो मात्र झाकपाक.

चोखंदळ गिऱ्हाईक

मग भांडण निम्मं तिथेच संपतं की! लिहा ना ते. पहिल्या फोटोवरच लिहा.

पायताणवाला

निम्मं संपतं. अक्षतावाल्याचं काय?

चोखंदळ गिऱ्हाईक

अक्षता पुरावा होत नाही हो, घरातही पडलेल्या असतात. पण घामाच्या डागाला माझ्याकडे उत्तर नाही.

रोजकीर्द

अवांतर: मला घ्यायचीच आहे. माझा डावा पाय उजव्यापेक्षा किंचित मोठा. कुठल्या पायाचं माप देऊ?

पायताणवाला

कागदावर दोन्ही पाय ठेवून पेन्सिलीनं रेघ मारा, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सेंटिमीटर मोजा. माप मोठ्या पायाचं घ्या. उजवी थोडी सैल वाटेल, तिचा पट्टा मी आवळून देतो. आणि ताई, आल्यावर पहिले चार दिवस फरशीवरच घाला.